कागद कुठे अडतो?

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत एकाच आठवड्यात दोन तरुण येऊन गेले. दोघांच्याही खांद्याला काळी पिशवी, पिशवीत लॅपटॉप, आणि दोघांनाही आम्हाला सॉफ्टवेअर विकायचे होते. मी या संस्थेचा एक संचालक आहे. बँकेत अडतीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाला गावात दोनच ठिकाणी बोलावतात : व्याख्यानाला, नाही तर पतसंस्थेच्या संचालक मंडळावर. कादंबऱ्या लिहितो म्हणून पहिले आणि ताळेबंद वाचता येतो म्हणून दुसरे, अशी दोन्ही आमंत्रणे माझ्या वाट्याला आली आहेत.

पहिला तरुण मोठा चुणचुणीत. त्याने भिंतीवर चित्र पाडून दाखवले. म्हणाला, "सर, आज तुमच्याकडे कर्जाचा अर्ज शिपाई घेऊन फिरतो. उद्यापासून तो आपोआप फिरेल. क्लार्कने बटण दाबलं की मॅनेजरकडे, मॅनेजरांनी दाबलं की उपसमितीकडे. कुणी दोन दिवस अडवून ठेवला, तर त्याच्या मोबाइलवर आठवण जाईल." याला तो 'वर्कफ्लो ऑटोमेशन' म्हणत होता. किंमत आमच्या आवाक्यातली होती. चहा पिता पिताच निम्म्या संचालकांनी मनातल्या मनात ठराव मंजूर करून टाकला.

दुसरा तीन दिवसांनी आला. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. कोरा कागद मागितला. "अर्ज उपसमितीकडे का जातो?" त्याने विचारले. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "नियम आहे." "कधीचा?" व्यवस्थापकांनी कपाटातून ठरावांची जुनी वही काढली. ठराव १९९४ चा निघाला : दहा हजारांवरचे प्रत्येक कर्ज उपसमितीपुढे ठेवावे. आज दहा हजारांत साधी दुचाकीही येत नाही, पण अर्ज मात्र इमानेइतबारे उपसमितीची वाट पाहत थांबतो. तो मुलगा हसला नाही, आम्हीच ओशाळलो. त्याच्या मालाचे नाव होते 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट'. किंमत पहिल्याच्या पाचपट.

अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही बँकेत होता. या दोन्हींत फरक काय आणि आपण घ्यायचं कोणतं, याची एक टिपणी लिहून आणा." बँक सुटली तरी टिपणी सुटत नाही. ती दोन पानी टिपणी मी लिहिली. परंतु लिहिताना जे आठवत गेले ते टिपणीत मावण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

'वर्कफ्लो' हा शब्द नवा असला, तरी वस्तू जुनी आहे. १९८२ साली मी बँकेत चिकटलो तेव्हा आपल्याच खात्यातले शंभर रुपये काढायला माणसाला काय काय करावे लागे ते आठवून पाहा. खिडकीवर चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचे आणि बाकावर बसायचे. आत चेक लेजरवाल्याकडे जाई, तो खातेपानावर नोंद करी. मग लेजर आणि चेक दोन्ही शिपायाच्या हातून अधिकाऱ्याकडे. अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पाही आणि आपली सही ठोकी. तिथून चेक रोखपालाकडे. मग टोकनाचा नंबर पुकारला जाई आणि पेंगणारा बाक जागा होई. या सगळ्याच्या मुळाशी एक शहाणपण होते : जो लिहितो त्याने मंजूर करू नये, आणि जो मंजूर करतो त्याने पैसे मोजू नयेत. आज त्याला 'मेकर-चेकर' म्हणतात.

काम कोणाकडून कोणाकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या सहीने जायचे, हा झाला वर्कफ्लो. आमचा शिपाई हे त्याचे इंजिन होते. तो रजेवर गेला की शाखा लंगडायची. शिपायाच्या पायांचे काम तारेवर सोपवले की झाले वर्कफ्लो ऑटोमेशन. त्यात काही वावगे नाही. पाय वाचतात, वेळ वाचतो, कागद हरवत नाही.

दुसऱ्या तरुणाचा माल वेगळा प्रश्न विचारतो. एसटीचे उदाहरण घेतो. गाडी वेळेवर सुटावी, वेळेवर पोहोचावी, उशीर झाला तर डेपोला कळावे, हे एक काम. पण मुळात या प्रवाशाला शेजारच्या गावी जायला तालुक्याला गाडी का बदलावी लागते, हा प्रश्न विचारणे हे दुसरे काम. पहिले वर्कफ्लोचे, दुसरे प्रोसेसचे. दुसरे करणारा माणूस पूर्ण प्रवासाचा नकाशा काढतो, प्रत्येक थांब्यावर किती वेळ गेला ते मोजतो, नको ते थांबे उडवतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजतो. गाडी कितीही वेळेवर धावली, तरी मार्गच वाकडा असेल तर प्रवासी काही सुखी होत नाही.

हे मला आज सुचते. १९९१ साली सुचले नव्हते.

त्या वर्षी मी एका निमशहरी शाखेत ठेव विभागाचा अधिकारी होतो. जवळच्या वाडीतली एक बाई आली. नवरा गेला होता. त्याच्या नावावर अठरा हजारांची मुदत ठेव होती. ठेवीवर वारसदाराचे नाव लिहून ठेवण्याची, म्हणजे नॉमिनेशनची, सोय कायद्याने १९८५ पासून झाली होती. पण त्या अर्जावरचा तो रकाना कोरा होता. ठेव घेताना तो भरून घ्यावा असे आमच्यापैकी कुणालाच वाटले नव्हते. आता रकाना कोरा म्हणजे दाव्याची सगळी मिरवणूक निघायची. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सज्ञान मुलांची ना हरकत, स्टँप पेपरवर हमीपत्र, दोन ऐपतदार जामीनदार.

तिने सगळे जमवले. मग फाइल निघाली. काउंटर, माझे टेबल, शाखाधिकाऱ्यांचे टेबल, जावक, टपाल, विभागीय कार्यालयाची आवक, तिथला क्लार्क, विधी अधिकारी. दीड महिन्याने फाइल परत आली. एका जामीनदाराच्या नावातली वेलांटी अर्जावर ऱ्हस्व आणि प्रतिज्ञापत्रावर दीर्घ पडली होती. खुलासा मागवला होता. खुलासा गेला. मग कळले की स्टँप पेपर अपुऱ्या रकमेचा आहे. बाई वाडीवरून येत राहिली. अकरा खेपा झाल्या, सात महिने गेले. दरम्यान मुलीचे लग्न ठरले होते. ते थांबण्यासारखे नव्हते. बाईने दहा हजार रुपये शेकडा तीनने सावकाराकडून उचलले. पाच महिन्यांचे व्याज दीड हजार झाले. स्वतःचे अठरा हजार बँकेत पडून असताना!

शेवटी मंजुरी आली. मी रक्कम तिच्या हाती दिली तेव्हा ती नोटा पदरात बांधून उठली आणि दारापर्यंत जाऊन परत आली. म्हणाली, "साहेब, पैसं मिळालं, बरं झालं. पन एक इचारू का? माझा कागद एवढं दिस हुता कुठं?"

त्यात राग नव्हता. खरोखरच तिला जाणून घ्यायचे होते. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर मी नंतर काढले. फाइलवरच्या तारखा लावून पाहिल्या. कोणीही आळस केला नव्हता. प्रत्येक टेबलाने फाइल हातात आल्यावर तासाभरात काम उरकले होते. सगळ्यांनी मिळून पेन चालवले असेल ते जेमतेम तीन तास. उरलेले सात महिने तिचा कागद ट्रेमध्ये होता, टपालाच्या थैलीत होता, 'आज नको, उद्या' या ढिगाखाली होता. प्रत्येक जण आपापल्या टेबलाचा राजा होता आणि त्या कागदाचा संपूर्ण प्रवास पाहणारा माणूस एकच होता : ती बाई. तिलाही तो बाहेरच्या बाकावरूनच पाहायला मिळत होता.

पुढे एका कादंबरीत मी हा प्रसंग घेतला. त्यात बँकेचा अधिकारी एका सकाळी स्वतः फाइल घेऊन विभागीय कार्यालयात जातो, टेबलांवरून फिरतो आणि संध्याकाळच्या गाडीने सही घेऊन परततो. वाचकांना तो भाग आवडला, पत्रे आली. खऱ्या शाखेतला तो अधिकारी मी होतो, आणि मी गेलो नव्हतो.

मी जे केले नाही, ते अमेरिकेत दोन माणसांनी केले होते, हे मला काही वर्षांनी वाचायला मिळाले. आयबीएम कंपनीची यंत्रे घेणाऱ्यांना कर्ज देणारी 'आयबीएम क्रेडिट' नावाची तिचीच एक शाखा-कंपनी होती. विक्रेत्याने फोन करून कर्जाची मागणी नोंदवायची. मग तो कागद पत तपासणाऱ्या विभागाकडे, तिथून करारातल्या अटी पाहणाऱ्याकडे, तिथून व्याजदर ठरवणाऱ्याकडे, तिथून पत्र तयार करणाऱ्याकडे. सरासरी सहा दिवस लागत, कधी दोन आठवडे. विक्रेते सारखे फोन करीत, "आमचा कागद कुठे आहे?" कोणालाच सांगता येत नसे. म्हणून कंपनीने एक नियंत्रण कक्ष उघडला. प्रत्येक विभागाने काम झाल्यावर कागद आधी त्या कक्षाकडे परत पाठवायचा, कक्षाने नोंद करून पुढे द्यायचा. झाले काय, तर कागद कुठे आहे हे अचूक सांगता येऊ लागले आणि लागणारा वेळ मात्र आणखी वाढला!

मग दोन वरिष्ठ अधिकारी एक अर्ज हातात घेऊन स्वतः टेबलाटेबलांवरून फिरले. प्रत्येकाला म्हणाले, हातातले काम बाजूला ठेवा आणि हा अर्ज नेहमीसारखाच, पण आत्ता पाहा. सगळे मिळून नव्वद मिनिटे लागली. बाकीचे सहा दिवस कागद नुसता पडून असे. यानंतर कंपनीने टेबलेच काढली. बहुतेक अर्ज एकाच माणसाने, संगणकाच्या मदतीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत निकालात काढायचे, अवघड असेल तरच तज्ज्ञाला विचारायचे. सहा दिवसांचे चार तास झाले.

ही हकीकत मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ साली आपल्या पुस्तकात सांगितली. हॅमर यांनी १९९० मध्येच एका गाजलेल्या लेखात बजावले होते, की निरुपयोगी कामाला संगणक जोडून ते वेगाने करण्यात अर्थ नाही; आधी ते काम पुसून टाका. कामाची टेबले पडली कुठून, हे पाहायला मात्र अजून मागे जावे लागते. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे वर्णन केले : अठरा कामे वेगवेगळ्या हातांत वाटली की दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. ज्या टाचणीने आम्ही फाइलीतले कागद टोचत होतो, तिच्याचपासून टेबलांची ही वाटणी सुरू झाली म्हणायची. टाचणीला ती मानवली. पण बाईच्या दाव्याचे अठरा तुकडे केले की बाई कोणत्याच तुकड्यात दिसत नाही.

मात्र हॅमर यांच्या या औषधालाही दुसरी बाजू निघाली. अनेक कंपन्यांनी 'पुनर्रचना' हा शब्द नोकरकपातीसाठी वापरला. माणसांचा विचार आपल्याकडून पुरेसा झाला नाही, असे खुद्द हॅमर यांनीच १९९६ मध्ये कबूल केले. हे मी टिपणीत मुद्दाम लिहिले. कारण दुसरा तरुण नकाशा काढत असताना आमच्या संस्थेतला आवक-जावक पाहणारा क्लार्क दारात उभा राहून ऐकत होता. बावन्न वर्षांचा माणूस, मुलगी कॉलेजात. तो तरुण गेल्यावर त्याने मला हळूच विचारले, "काका, माझं टेबल राहणार ना?"

हा फरक आपल्या सर्वांच्या पाहण्यातल्या वस्तूवरून समजून घ्यायचा, तर चेक घ्यावा. पूर्वी दुसऱ्या बँकेचा चेक खात्यात भरला की तो थैलीतून क्लिअरिंग हाउसला जाई, तिथे माणसे बँकवार गड्ड्या लावत. ऐंशीच्या दशकात चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले आणि गड्ड्या यंत्र लावू लागले. काम तेच, हात यंत्राचा. हे झाले पहिल्या प्रकारचे सुधारणे. मग कुणाला तरी प्रश्न पडला, की चेकने मुळात प्रवास का करायचा? चेकचे चित्र पाठवले तर? २००८ च्या फेब्रुवारीत नवी दिल्लीत, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत चेक घरी राहून त्याचे चित्र धावू लागले. ऑक्टोबर २०२५ पासून ही चित्रेही दिवसअखेरच्या गठ्ठ्यांत न जाता दिवसभर सतत पुढे जाऊ लागली. हे दुसऱ्या प्रकारचे सुधारणे. आणि मधल्या काळात, २०१६ साली, यूपीआय आले. त्याने विचारले, पैसे द्यायला चेक तरी हवाच कशाला? आज कोपऱ्यावरचा भाजीवालाही या तिसऱ्या पायरीवर उभा आहे. पहिल्या पायरीवरच सगळे खूश राहिले असते, तर जगातले सर्वांत वेगवान गड्ड्या लावणारे यंत्र आपल्याकडे असते, इतकेच.

आता बाजारातला माल. पहिल्या प्रकारात झॅपिअर, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट, झोहो फ्लो अशी नावे येतात. अर्ज आला की नोंद कर, नोंद झाली की निरोप पाठव, अशी कामे ही साधने जोडून देतात. चार दिवसांत बसवता येतात, आणि साध्या कामांना प्रोग्रॅमर लागत नाही. दुसऱ्या प्रकारात पेगा, अपियन, बर्लिनची कामुंडा, आपल्याकडची न्यूजेन अशी नावे आहेत. मोठ्या बँका, विमा कंपन्या ही वापरतात. यांत नकाशा काढण्याची एक ठरलेली चिन्हलिपी असते, बीपीएमएन नावाची. ती २००४ साली आली, २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती झाली. वर्तुळ म्हणजे सुरुवात किंवा शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळीसारखा आकार म्हणजे 'हो की नाही' असा फाटा. आणि पोहण्याच्या तलावात असतात तशा पट्ट्या : प्रत्येक माणसाची एक. कागद एका पट्टीतून दुसरीत गेला की तिथे वेळ सांडतो, हे चित्रातच दिसते. आता या दोन्ही जातींमधली भिंत पातळ होत चालली आहे. पहिले दुसऱ्यासारखे बोलतात, दुसरे पहिल्यासारखे स्वस्त व्हायला पाहतात. तरी विकत घेणाऱ्याने प्रश्न एकच विचारावा : माझे दुखणे चालण्याचे आहे, की वाटेचे?

संपूर्ण वाट न पाहिल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१८ च्या फेब्रुवारीत देशाने पाहिले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेवरून जात होते. पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबाच्या संगणकाशी जोडलेली नव्हती. त्यामुळे एकीकडे हमी जात राहिली आणि दुसरीकडे वहीत नोंदच नाही. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी चालत होत्या. दोहोंच्या मधल्या फटीतून हजारो कोटी गेले. नंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ही फट बुजवण्याची मुदत घालून दिली, आणि हयगय करणाऱ्या ३६ बँकांना २०१९ च्या मार्चमध्ये दंड केला.

म्हणून मी टिपणीत सुचवले, की काही विकत घेण्याआधी एक रविवार काढू आणि एकाच कामाचा नकाशा स्वतः मांडू. काम मी निवडले : मयत सभासदाच्या ठेवीचा दावा. का, ते कुणाला सांगितले नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर स्केचपेनने आम्ही तो काढला. तेरा थांबे निघाले. त्यांतला सर्वांत लांब थांबा होता संचालक मंडळाची मासिक सभा. पाच हजारांवरचा प्रत्येक दावा सभेपुढे ठेवायचा, असा ठराव. सभा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. म्हणजे दोन तारखेला अर्ज आला तर तो जवळजवळ महिनाभर आमच्या चहा-बिस्किटांची वाट पाहणार. एका थांब्याचे कारण कुणालाच सांगता येईना. पूर्वीच्या एका लेखापरीक्षकांनी एकदा विचारले होते म्हणून तो सुरू झाला होता, आणि ते विसरून गेले तरी आम्ही चालूच ठेवला होता!

सगळेच थांबे मात्र आम्ही उडवले नाहीत, आणि हे सांगितलेच पाहिजे. माझ्या बँकेतल्या एका जुन्या दाव्यात वारसांच्या यादीतून धाकट्या बहिणीचे नाव गळले होते. भावांनी गाळले होते. विधी अधिकाऱ्याच्या एका कंटाळवाण्या शेऱ्यामुळे ते सापडले. मला तेव्हा त्या शेऱ्याचा राग आला होता. थांबा अडवतो तसा राखतोही. कोणता काय करतो, हे ओळखणे हेच खरे काम. ते कोणतेही सॉफ्टवेअर आपल्यासाठी करीत नाही. तेव्हा आम्ही वाटच दुभागली. नॉमिनेशन आहे आणि वाद नाही, तर पाच थांबे : अर्ज घेणे, शिल्लक आणि कर्ज पाहणे, व्यवस्थापकाची शिफारस, एका संचालकाची दुसरी सही, रक्कम अदा. सभेला नंतर माहिती द्यायची. नॉमिनेशन नाही किंवा वारसांत तंटा आहे, तर सावकाश, वकिलाच्या सल्ल्याने, सभेपुढे.

योगायोग असा, की त्याच सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनेही मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी सर्व बँकांना एकसारखे नियम घालून दिले : कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल, आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई. ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायचे होते. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नावांपर्यंत नॉमिनेशन करण्याची सोयही कायद्याने झाली. पतसंस्थांना हे नियम लागू नाहीत. पण चांगला नियम लागू नसतानाही पाळता येतो, असा आम्ही ठराव केला. वाचकांनीही आजच आपापल्या पासबुकावर नॉमिनेशनची नोंद आहे का, ते पाहावे. कोऱ्या रकान्याची किंमत आपल्या माघारी आपल्या माणसांना मोजावी लागते.

शेवटी आम्ही पहिल्या तरुणाचे स्वस्त सॉफ्टवेअर घेतले, पण दुसऱ्याच्या प्रश्नांनी काढलेल्या नकाशावर. चार हजार सभासदांच्या संस्थेला मोठ्या बँकांचा अवजड माल पेलला नसता. दुसऱ्या तरुणाला हे मी फोन करून सांगितले. तो म्हणाला, "काका, नकाशा काढलात ना? मग ठीक आहे." आणि आवक-जावकच्या क्लार्कचे टेबल गेले, माणूस राहिला. दावा घेऊन येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच भेटतो. आयबीएमच्या त्या एका माणसासारखा. परवा तो म्हणाला, की इतक्या वर्षांत लोक त्याला पहिल्यांदाच नावाने ओळखू लागले आहेत.

इथे हा लेख संपवता आला असता. पण पहिला दावा नव्या यंत्रणेतून गेला त्याच दिवशी संध्याकाळी एक तरुण संस्थेत आला. वडिलांना जाऊन वीस दिवस झाले होते. त्याने खिशातून वडिलांचा मोबाइल काढला. आईने तो बंद करू दिला नव्हता. रोज चार्ज करून देवघराजवळ ठेवीत असे. त्यावर आमचा संदेश आला होता. 'सन्माननीय सभासद, आपल्या मृत्यूदाव्याचा अर्ज प्राप्त झाला आहे. आपले सहकार्य असेच राहू द्यावे.' मोबाइल वाजला तेव्हा आई धावत गेली होती.

यंत्रणेने काहीही चूक केली नव्हती. अर्ज आला की सभासदाच्या नोंदवलेल्या क्रमांकावर निरोप पाठव, असे आम्हीच तिला सांगितले होते. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. नकाशा काढताना संचालक होते, व्यवस्थापक होते, क्लार्क होता, सगळ्या पट्ट्यांतली माणसे होती. ज्या घरी तो निरोप पोहोचणार होता, त्या घरचे कोणी नव्हते. त्यांची पट्टी आम्ही काढलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि मी त्या घरी गेलो. त्या माउलीने चहा केला, रागावल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांची रक्कम आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिली. तसा काही नियम नव्हता.

टिपणीच्या शेवटी 'निर्णयार्थ सादर' असे लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या टिपणीत त्याखाली मी हाताने दोन ओळी वाढवल्या आहेत. यापुढे कोणताही नकाशा काढताना, ज्याचा कागद आहे तो माणूस खोलीत असावा. आणि प्रत्येक संचालकाने महिन्यातली एक सकाळ खुर्ची सोडून बाहेरच्या बाकावर काढावी. ठराव एकमताने झाला. या महिन्यात पाळी माझी आहे.